नाव गेलं, स्टेशन राहिलं

कॉलेजात असताना मी दोन वर्षं कॅम्पस रेडिओवर रात्रीचा स्लॉट करायचो. एकदा गाणं संपलं आणि मी खुर्चीतच डुलक्या काढत होतो, दीड मिनिट नुसती शांतता गेली, आणि कुणाचा एक फोन नाही की काही नाही. लॉगबुकात मी इमानदारीत लिहून ठेवलं की एवढा वेळ काहीच वाजलं नाही, तर दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी खरडलं होतं, "या आठवड्यातला बेस्ट प्रोग्रॅम."

त्यामुळे असल्या स्टेशनांचा इतिहास दिसला की मी वाचत बसतो. सध्या अमेरिकेतल्या एमआयटीच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, स्टेशनचं वेड लागलंय, पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

१९३६ मध्ये अमेरिकेत ब्राऊन युनिव्हर्सिटीतल्या जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन पोरांनी हॉस्टेलच्या इमारतींमधून तारा ओढून आपलं स्टेशन सुरू केलं. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या रेडिओची गोष्ट बहुतेक वेळा इथूनच सांगतात. यातून जे तंत्र रुळलं त्याला कॅरियर करंट म्हणतात, म्हणजे एएमचा बारीकसा सिग्नल सरळ इमारतीच्या विजेच्या वायरिंगमध्ये सोडायचा, मग ती वायरिंग हीच अँटेना. भिंतीजवळ रेडिओ ठेवला की झकास वाजतो, रस्ता ओलांडला की गायब! पॉवर इतकी कमी की लायसन्सची भानगडच नाही. गोची एकच, विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधून हा सिग्नल पलीकडे जात नाही, त्यामुळे बरेचदा प्रत्येक इमारतीला वेगळा ट्रान्समीटर लावायचा, आणि एक बंद पडला की त्या हॉस्टेलातली पोरं बोंबलत येणार. या दोघांनी पुढे १९४० मध्ये अशा स्टेशनांची इंटरकॉलेजिएट ब्रॉडकास्टिंग सिस्टिम नावाची संघटनाही काढली.

एमआयटीवाल्यांनीही १९४६ मध्ये असंच तारेवरचं स्टेशन सुरू केलं. एफएमवर यायला १९६१ उजाडलं, ८८.१ मेगाहर्ट्झ, पॉवर दहा वॅट. दहा वॅट म्हणजे घरातल्या एलईडी बल्बएवढं हो! एफसीसीने, म्हणजे रेडिओ-टीव्हीला लायसन्स देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, १९४८ पासून शैक्षणिक स्टेशनांसाठी हे दहा वॅटचं छोटं लायसन्स ठेवलं होतं आणि कॉलेज रेडिओ एफएमवर पसरला तो मुख्यतः त्याच्याच जिवावर. स्टेशनचं नाव डब्ल्यूटीबीएस, म्हणजे टेक्नॉलॉजी ब्रॉडकास्टिंग सिस्टिम, आणि स्टुडिओ वॉकर मेमोरियल नावाच्या इमारतीच्या तळघरात.

मग १९७८ मध्ये एफसीसीने पवित्रा बदलला. दहा वॅटवाल्यांनी शंभर वॅटपर्यंत तरी जावं, नाहीतर मोठं कुणी त्या फ्रिक्वेन्सीवर आलं तर तुम्हाला संरक्षण नाही. माझ्या मते हा सरळसरळ लहानांवर अन्याय होता, पण असो. पॉवर वाढवायची म्हणजे नवा ट्रान्समीटर आला, आणि पोरांकडे पैसे कुठून येणार?

आले ते टेड टर्नरकडून. त्याला अटलांटातल्या आपल्या टीव्ही चॅनलसाठी नेमकी डब्ल्यूटीबीएस हीच अक्षरं हवी होती, कारण टर्नर ब्रॉडकास्टिंग सिस्टिम, टीबीएस. ठरलं असं की त्याने स्टेशनला २५,००० डॉलर द्यायचे, पोरांनी अक्षरं सोडायची, आणि ती टर्नरला मिळाली की आणखी २५,०००. कागदोपत्री सगळी देणगी बरं का. १९७९ मध्ये हे पार पडलं, पोरांचा ट्रान्समीटर आला. आपलं नाव विकलं म्हणून तेव्हा कुणाला वाईट वाटलं असेल का, मला सारखं वाटत राहतं. मला तर वाटलं असतं, आणि ट्रान्समीटर बघून पाच मिनिटात विसरलोही असतो. शिवाय अशा स्टेशनात दर चार वर्षांनी सगळी माणसंच बदलतात, जुन्या नावाला कवटाळून बसणार तरी कोण?

नवीन नाव घेतलं डब्ल्यूएमबीआर, म्हणजे वॉकर मेमोरियल बेसमेंट रेडिओ. बाकी कुणाला सुचलं असतं का स्टेशनच्या नावात तळघर घालायचं?

आणि अटलांटाच्या त्या चॅनलने, एवढे पैसे मोजून घेतलेलं नाव २००७ मध्ये सोडून दिलं. तळघरवाले अजून ८८.१ वरच आहेत.