जळक्या खोडावरचं शैवाक

गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शैवाकच, बुरशी आणि शैवाल यांनी मिळून केलेला संसार. दगड, झाडाची साल, माती, कुठेही ते जमतं. पण काही मोजक्या जातींना घर लागतं ते कोळसा झालेल्या लाकडाचं. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या जुन्या पाइनच्या जंगलांत कार्बोनिकोला अँथ्राकोफिला आणि कार्बोनिकोला मिर्मेसिना या दोन जाती अशाच जळक्या खोडांवर सापडतात. पूर्वी त्यांची गणना हायपोसेनोमायसी या प्रजातीत व्हायची. २०१३ मध्ये त्यांना वेगळी प्रजाती मिळाली.

वणवा विझला की वर्षभरात ही शैवाकं उगवतील, असं वाटत असेल तर तसं होत नाही. ताज्या काजळीवर शैवाक टिकत नाही. नुसती साल जळली असेल तर ती काही वर्षांत गळते आणि कोळसाही तिच्याबरोबर जातो. पहिल्या वर्षी जळक्या मातीवर फ्युनारिया हे शेवाळ पसरतं, जळलेल्या बर्चच्या झाडांवर डाल्डिनिया बुरशीचे काळे गोळे येतात. शैवाकाला मात्र कित्येक दशकं लागतात.

त्याला हवं असलेलं लाकूड तयार होण्याची रीत अशी. जमिनीलगतच्या आगीत पाइन मरत नाही, बुंध्याच्या एका बाजूला जखम होते. झाड तिथे राळ ओततं. पुढची आग नेमकी त्या राळेला धरते आणि या वेळी साल नाही, आतलं लाकूड जळतं. अशा दोन-तीन आगी झाल्या की राळेने मुरलेलं, टणक, न कुजणारं काळं लाकूड तयार होतं. झाड मेल्यावरही ते उभंच राहतं, कधी शंभर वर्षांहून जास्त. अशा रुपेरी वाळक्या पाइनला फिनलंडमध्ये ‘केलो’ म्हणतात. आपल्या सह्याद्रीत वणवे बहुधा गवत आणि पाचोळा जाळत जातात, आणि जळलेलं खोड उरलं तरी पावसाळा आणि वाळवी त्याला फार दिवस ठेवत नाहीत.

शोधायचं तर बुंध्याचा खालचा मीटर-दीड मीटर बघावा. आधी बोट घासून पाहा, खरा कोळसा बोटाला काळं लावतो. मग दहापट किंवा वीसपट भिंग. मिलिमीटरभराचे तपकिरी-हिरवट खवले दिसतील. ज्यांच्या कडेला पीठ सुटल्यासारखी भुकटी असते ती बहुधा अँथ्राकोफिला. गुळगुळीत, चमकदार, भुकटी नसलेली ती मिर्मेसिना.

घोळ होतो तो हायपोसेनोमायसी स्कॅलारिसशी. तीही कोळशावर येते, पण साध्या सालीवरही भरपूर असते, म्हणून ती सापडली एवढ्यावरून जंगल जुनं ठरत नाही. फरक ब्लीचच्या थेंबाने कळतो: स्कॅलारिस लाल होते, कार्बोनिकोला होत नाही. ही चाचणी खोडावरच केली तर काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंग दिसतच नाही. सुईने एकच खवला उचलून पांढऱ्या टिपकागदावर ठेवावा, टूथपिकने थेंब द्यावा आणि लगेच बघावं, कारण रंग काही क्षणांत उडतो. ब्लीच जुनं असेल तर रंग येतच नाही आणि स्कॅलारिसला चुकून कार्बोनिकोला म्हटलं जातं. म्हणून आधी ते खात्रीच्या स्कॅलारिसवर तपासून घ्यावं.

एकोणिसाव्या शतकापासून नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमधल्या आगी आटोक्यात आल्या आणि नवं जळकं लाकूड तयार होणं जवळपास थांबलं. उरलेली खोडं जुनीच. स्प्रूस या दाट सदाहरित झाडांची सावली वाढली की त्यांच्यावर शेवाळ चढतं, आणि जळणासाठी किंवा लाकूडतोडीच्या यंत्राखाली गेली तर प्रश्नच संपला. आता राखीव जंगलांत मुद्दाम आग लावतात, आणि ते बरोबरच आहे. पण राळेने भरलेलं जुनं वाळकं खोड नव्या आगीत सगळ्यात आधी पेटतं, अंगावरच्या शैवाकासकट. त्यामुळे आग लावण्याआधी अशा प्रत्येक खोडाभोवतीच्या फांद्या आणि पाचोळा दाताळ्याने ओढून जमीन उघडी करावी आणि बुंधा पाण्याने भिजवावा. आसपासचे जिवंत पाइन मात्र बुंध्याशी भाजले जाऊ द्यावेत आणि नंतर तोडू नयेत. जुन्या खोडावरची, शैवाक पसरवणारी भुकटी वाऱ्या-पावसाने पोहोचेल एवढ्या अंतरावर ते असले म्हणजे झालं.