चित्रकलेच्या खोलीतला पिवळा

स्मरणिकेत स्नेहसंमेलनं, सहली आणि छड्या यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ असतील. मला चित्रकलेच्या खोलीतल्या एका चित्राबद्दल लिहायचं आहे. खिडकीशेजारी जुन्या मासिकातलं एक रंगीत पान हार्डबोर्डवर खळीनं चिकटवलेलं असायचं. घोड्यावर बसलेला पिवळ्या कपड्यांतला माणूस, मागं तांबूस कुंपण आणि कुंपणापलीकडून बघणारी माणसं. बैलांच्या झुंजीत घोड्यावरून भाला चालवणाऱ्याला पिकादोर म्हणतात, तो हा. पाब्लो पिकासोनं १८८९ च्या सुमारास, साधारण आठ वर्षांचा असताना, स्पेनमधल्या मालागात हे चित्र लाकडाच्या लहानशा फळीवर तैलरंगात काढलं.

सरांनी हे सांगितल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "काय बे, आठ वर्षांचा?" वर्ग हसला, सर हसले नाहीत. म्हणाले, "वय ऐकलं की तुमचे डोळे मिटतात. वय बाजूला ठेवा आणि पिवळा बघा."

आम्ही बघितलं. पिवळा होता, त्यात काय बघायचं? आमच्याही चित्रांत तो भरपूर असायचा. रंगपेटीत बारा वड्या असतील तर बाराही वापरल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नसे. एलिमेंटरीच्या तयारीत तर स्मरणचित्रातल्या सूर्याला, साडीला आणि झेंडूला एकच पिवळा लागायचा.

आमच्या वर्गातली निम्मी पोरं सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी. कुणाच्या घरी माग, कुणाकडं सूत रंगवायचं डाईंग. सरांनी पुढच्या तासाला घरून रंगीत सुताच्या लड्या आणायला सांगितल्या. आमचं डाईंगच असल्यानं मी पिशवीभर नेल्या. सरांनी एकच पिवळी लड घेतली आणि आधी कोऱ्या सुतावर ठेवली. ती फिकी, आजारी दिसली. मग चॉकलेटी लडीवर ठेवली तर पेटल्यासारखी झाली. शेवटी नारिंगीवर ठेवली, तेव्हा ती जणू तिथं नव्हतीच. लड तीच आणि उजेडही तोच. त्यानंतर त्यांनी आम्हाला परत भिंतीकडं वळवलं. पिकादोरच्या मागचं कुंपण तांबूस, घोडा तपकिरी, म्हणजे त्या पोरानं भोवतीचे रंग दाबून धरले होते आणि पिवळ्याला मोकळं सोडलं होतं. नजर आधी स्वारावर जाते, मग घोड्यावर, आणि मागची माणसं शेवटी दिसतात. घोडा तसा लाकडीच वाटतो, माणसांची प्रमाणंही चुकलेली आहेत. सर ते लपवत नसत. "रेघ बापाकडून शिकला असेल, बाप ड्रॉइंग मास्तर होता. हा पिवळा मात्र त्याचा स्वतःचा," असं त्यांचं मत होतं. मला ते आजही पटतं.

(त्या चित्रात डोळ्यांच्या जागी लाकडाला भोकं आहेत. ती धाकट्या बहिणीनं, लोलानं, खिळ्यानं पाडली असं सांगतात. हे कळल्यावर आमच्या वर्गात बरेच दिवस कंपासपेटीतल्या कर्कटकाला वेगळंच काम लागलं.)

पुढं रंगाच्याच धंद्यात पडल्यावर कळलं की सरांनी आम्हाला दाखवलं ते एका डाईंगवाल्यानंच शोधलं होतं. पॅरिसच्या गोबलँ गालिचा कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. त्यानं काळं सूत तपासलं तर त्यात खोट निघाली नाही; शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळं तो काळा मरत होता. त्यावरचा मोठा ग्रंथ त्यानं १८३९ साली छापला. आजही एखाद्या पार्टीनं "शेड पडली" म्हणून चादर परत आणली की मी आधी शेजारचा पट्टा बघतो.

त्या वर्षी सरांनी गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचं, चित्र काढायला दिलं. आम्ही नेहमीसारखे रंगीत गर्दी काढायला बसलो, तर म्हणाले, "नंदीध्वज धरणाऱ्यांच्या बाराबंद्या पांढऱ्या. पांढरा कागद तुमच्याकडं आहेच, मग तो उजळ कशानं दिसेल?" तेव्हापासून मी आधी सावल्या भरायला लागलो.

वडील एकदा फी भरायला शाळेत आले होते. हिशोबाची आणि रंगाची वही सोडून दुसरा कागद न वाचणारा माणूस. मला शोधत चित्रकलेच्या खोलीत आले आणि त्या पानासमोर थबकले. सवयीनं पान भिंतीवरून काढून खिडकीत उजेडाला धरलं, कारण ट्यूबलाइटखाली शेड बघायची नाही हा त्यांचा नियम.

"सर, हा पिवळा दोनदा बुडवलाय," ते म्हणाले.

"मालक, हे सूत नाही, तैलरंग आहे."

"असू दे की. खाली लाल असणार. नुसता पिवळा एवढा जड बसत नाही."

छापील कागदावरून खालचा थर कळत नाही, हे सरांनी परोपरीनं सांगितलं. वडील ऐकेनात. फीची पावती माझ्या हातात देऊन दोघं वाद घालत फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीवर गेले, आणि तास मॉनिटरनं घेतला.