बाराच्या आत एक लाख दहा हजार

मी आरोग्यमित्र आहे, म्हणजे पेशंटला सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत बसवायला मदत करणारी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं टेबल खाजगी हॉस्पिटलमध्ये असतं ना, त्याच्यामागे बसते, सहा वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, मराठवाड्यातलं एक शहर एवढं समजा.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी नऊला आले तर आयसीयूच्या बाहेर जिन्याच्या पायरीवर एक काकू बसलेल्या, आणि त्यांचा पोरगा, असेल पंचवीसेक वर्षांचा, फोनवर कुणाला तरी सांगत होता, मामा बाराच्या आत पायजेत, बाराच्या आत एक लाख दहा. असे फोन मी रोज ऐकते. पण काकूंच्या पदरात दोन पाटल्या दिसल्या, हातातनं काढलेल्या, मनगट लालबुंद झालेलं, साबण लावून ओढल्या असणार. तिथून पुढं जाववलं नाही.

खाली बसून विचारलं तेव्हा सगळं कळलं. काकांना रात्री एकच्या सुमाराला छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, १०८ ची गाडी आली, उपजिल्हा रुग्णालयात नेलं, तिथं ईसीजी काढला, अटॅक आहे म्हणले, इंजेक्शन गोळ्या दिल्या, पण अँजिओग्राफीची सोय तिथं नाही म्हणून १०८ नंच पहाटे पाचला आमच्याकडे आणलं. इथपर्यंत या घराचा एक रुपया गेला नव्हता. १०८ फुकट आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही फुकट आहेत. आमच्या दारातून आत आल्यावर मात्र पहिल्या दोन तासांत साठ हजार गेले. पंचवीस पोराच्या खात्यावरचे, पस्तीस गावातल्या एकाकडून, शेकडा तीन रुपये महिना व्याजानं. अँजिओग्राफी झाली, डाव्या मुख्य नळीत मोठा ब्लॉक निघाला, आणि आता स्टेंटसाठी, म्हणजे नळी उघडी ठेवणाऱ्या जाळीसाठी, अजून एक लाख दहा हजार भरा, बाराच्या आत.

मी म्हणलं, योजनेचं कुणी काही सांगितलं नाही का? पोरगा म्हणाला, ताई मी सगळ्यात आधी तेच विचारलं, काउंटरवर म्हणले रेशन कार्ड कोणतं, मी म्हणलं पांढरं, तर म्हणले पांढऱ्याला योजना नाही.

इथं मला खरंच राग आला. पांढऱ्या कार्डाला योजना नव्हती हे जुनं झालं. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ ला राज्यभर गेली, तेव्हा पिवळं आणि केशरी कार्ड, वर्षाला दीड लाख असं होतं. पण जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना, पाच लाखांपर्यंत, १३५६ उपचार, आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं. आणि आमच्या बिलिंग काउंटरच्या मागच्या बोर्डावर अजून तेच लिहिलेलं, पिवळे व केशरी शिधापत्रिकाधारक. रात्रपाळीतला पोरगा नवीन, त्यानं बोर्ड वाचून सांगितलं. रात्री माझ्या टेबलावर कुणी नसतं. पहाटे पाच ते सकाळी नऊ, चार तास, तेवढ्यात घर कर्जात गेलं.

मग पळापळ. रेशन कार्ड गावी पेटीत, चुलत्यानं फोटो काढून व्हॉट्सॅपला पाठवला तर तो अंधुक, परत पाठवला, त्यात आडनावाचं स्पेलिंग आधारशी जुळेना. इमर्जन्सी असली की टेलिफोनिक इंटिमेशन घेता येतं, म्हणजे डॉक्टरनं फोनवर कळवून आधी मंजुरी घ्यायची आणि कागद मागून द्यायचे, पण बिलिंगचे साहेब म्हणाले मॅडम एकदा कॅशमध्ये घेतलेला पेशंट योजनेत वळवायची आमच्याकडे पद्धत नाही. मी सरळ मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांचंही ऐकून घेतलं, कारण ते खोटं बोलत नव्हते. म्हणाले, योजनेत एका उपचाराला ठरवलेला पॅकेजचा रेट आणि आमचा खर्च यात मेळ बसत नाही, वर क्लेमचे पैसे महिनोन् महिने अडकतात, नर्सचे पगार मी कुठून करू. बरोबर आहे. सरकारनं फुकट म्हणून जाहीर करायचं आणि बिल वेळेवर द्यायचं नाही, तर हॉस्पिटल पेशंटला टाळणारच, आणि टाळायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे काउंटर. मी म्हणलं, सर, रेटचं भांडण तुम्ही सरकारशी करा, मी तुमच्या बाजूनं लिहून देते, पण ती बाई बाहेर पाटल्या घेऊन बसलीय. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग फोन उचलला.

एक वाजून वीस मिनिटांनी मंजुरी आली. अडीचला काका कॅथलॅबमधून, म्हणजे स्टेंट टाकतात त्या खोलीतून, बाहेर.

मधल्या वेळात पोरगा माझ्या कानाशी येऊन विचारत होता, ताई योजनेतला स्टेंट हलका असतो का, भारीचा टाकायला किती लागतील. कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. त्याला सांगितलं, माझ्या सासऱ्यांना २०१५ ला स्टेंट टाकला, नुसत्या स्टेंटचे एक लाख वीस हजार लावले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली आणि एका रात्रीत किंमत खाली आली. तेव्हा कंपन्या म्हणत होत्या चांगला माल मिळणार नाही, पण या सहा वर्षांत आमच्याकडं स्टेंटवाचून अँजिओप्लास्टी अडलेली मी तरी पाहिली नाही. सरकारनं किंमतीत हात घालू नये असं कुणी म्हणलं की मला सासऱ्यांचं ते बिल आठवतं, अजून कपाटात आहे.

आणि तरीही योजनेनं सगळं भागतं असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्याप्रमाणं २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातनं केला आणि सरकारचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत अडीच टक्के करू असं लिहिलंय. त्या उपजिल्हा रुग्णालयातला खर्च वाढला असता, निदान जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कॅथलॅब चोवीस तास चालू असती, तर काकांना आमच्या काउंटरपुढं यायचीच गरज नव्हती. हे मी त्याच काउंटरशेजारी बसून म्हणते, पण मला तसंच वाटतं.

डिस्चार्जला खरी ओढाताण झाली. साठातले एकेचाळीस हजार परत मिळाले, तेही योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनला तक्रार नोंदवल्यावर. उरलेले एकोणीस हजार मंजुरीच्या आधीची औषधं आणि तपासण्या म्हणून धरले, देत नाही म्हणले. वर रक्त पातळ करायच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या रोज, गाळता येणार नाहीत, त्या घरच्याच पैशातनं घ्यायच्या. पोराला स्वस्त गोळ्यांचं जनऔषधी दुकान दाखवून आले, डॉक्टरांकडून गोळ्यांची मूळ नावं मोठ्या अक्षरात लिहून घेतली.

बोर्ड मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बदलला. कार्डशीटवर मार्करनं लिहिलं, कोणतंही रेशन कार्ड असो, पैसे भरायच्या आधी योजनेच्या टेबलावर या, खाली माझा नंबर, रात्री पण फोन करा. तीन दिवसांनी कुणीतरी काढला, परत लावला.

पंधरा दिवसांनी काका दाखवायला आले, चालत आले, बरे दिसत होते. काकूंच्या हातात एकच पाटली होती. दुसरी गहाण ठेवून व्याजवाल्याचे उरलेले एकोणीस हजार फेडलेत म्हणाल्या. हॉस्पिटलनं धरलेल्या एकोणीस हजारांचा वेगळा अर्ज मी लिहून दिलाय, त्याची पोच माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, दर सोमवारी फोन करून विचारते.