टाच, आठवडा ९ : पायरीवरून खाली उतरलो

मंगळवारी सकाळी पलंगावरून उठून थेट मोरीपर्यंत गेलो आणि दात घासता घासता लक्षात आलं, आज लंगडलो नाही. पळून दुखावलेली उजवी टाच घेऊन नऊ आठवडे झाले, त्यांत पहिल्यांदा. आईच्याही नजरेतून सुटलं नाही. "आज भिंत नाही धरलीस," म्हणाली.

मागच्या वेळी वैतागून लिहिलं होतं की हील ड्रॉप्स, म्हणजे पायरीवरून टाच खाली सोडायचा व्यायाम, माझ्या कामाचे नाहीत. शब्द मागे घेतो, पण अर्धेच.

नेम तर कडक होता. जिन्याच्या पायरीवर चवडे, टाचा हवेत, दोन्ही पायांनी वर, एकट्या उजव्याने सावकाश खाली. गुडघा सरळ ठेवून १५चे ३ सेट, वाकवून १५चे ३, सकाळ-संध्याकाळ. स्वीडिश डॉक्टर आल्फ्रेडसनचा १९९८चा १२ आठवड्यांचा कार्यक्रम, काना-मात्रा न बदलता. पाचव्या आठवड्यापासून पाठीवरच्या सॅकमध्ये ५ किलो गहू. टाच मात्र रोज जास्तच कुरकुरायची. मला वाटलं, वजन कमी पडतंय. म्हणून ७ किलो केले. शहाणपणाच!

व्यायाम आणि हाडवैद्यकीसाठी नावाजलेल्या प्रो. माणिकरावांच्या गावात, बडोद्यात राहून मी उपाय यूट्यूबवर शोधत होतो, यावर आखाड्यातले वस्ताद आधी पोटभर हसले. मग मला पालथं झोपवलं आणि पोटरीची शीर (अकिलीस टेंडन) चिमटीत धरून वरून खाली येत गेले. "इथं?" नाही. "इथं?" नाही. टाचेच्या हाडाशी अंगठा टेकला आणि मी चटईवरून वीतभर उडालो.

"शीर ठीक आहे रे. ती हाडाला धरते ना, तिथं दुखतंय."

नऊ महिने पळणाऱ्यांच्या गप्पांत 'इन्सर्शनल', म्हणजे शीर हाडाला धरते त्या जोडावरचं, हा शब्द ऐकतोय, पण आपलं दुखणं तेच असेल असं डोक्यात आलं नाही. पायरीवरचा ड्रॉप चालतो तो टाचेच्या २ ते ६ सेंटिमीटर वर दुखत असेल तर. जोडावर दुखत असेल आणि टाच पायरीच्या खाली गेली, तर शीर हाडाच्या वरच्या कोपऱ्यावर दाबली जाते. म्हणजे दिवसाला १८० वेळा मी स्वतःच ती जागा रगडत होतो. पळण्याआधी भिंतीला टेकून पोटरी ताणायचो, तेही त्यातलंच.

मग पायरी सोडली आणि जमिनीवर आलो. टाच फरशीला टेकली की बस, त्याखाली नाही. भिंतीचं ताणणं बंद. मोच्याकडून बुटात घालायला कॉर्कच्या दोन पाचरी कापून आणल्या. ऑनलाइनच्या जेलवाल्या तिसऱ्या दिवशी चपट्या झाल्या होत्या. दुखण्याची मर्यादा १० पैकी ५, आणि दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नसावं. तीन आठवड्यांत उजव्या पायावर एकट्याने टाच उचलणं १४ वरून २२ वर आलंय. डावा २७ ला आहे, त्याचा माज वेगळाच. रविवारी कामाटीबागेत ४ किमी, पेस सांगण्यासारखा नाही.

मूळ चूक हिवाळ्यातली. आठवड्याचं पळणं तीन आठवड्यांत २२ वरून ३८ किमी. पळताना पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो, आणि मी पोटरीसाठी काय केलं होतं? शून्य. दम वाढला, पोटरी होती तिथेच राहिली. त्यात दुकानातल्या पोराने १० मिमी ड्रॉपच्या (म्हणजे टाच चवड्यापेक्षा तेवढी उंच असलेल्या) बुटांवरून एकदम ४ वर नेलं. "नॅचरल रनिंग, अंकल." टाच खाली गेली की पोटरीवर ताण वाढतो, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. 'अंकल'चा राग वेगळा.

पुढचा बेत होता सॅकमध्ये १० किलो भरायचा. पण हे लिहिता लिहिताच सुचलं : आखाड्यातली बैठक! खाली जाताना टाच उचलते, भार चवड्यांवर, गुडघा पूर्ण वाकलेला. सोलियसला हेच हवं, आणि टाच जमिनीखाली जायचा प्रश्नच नाही. तेव्हा गहू डब्यात परत. उद्यापासून २० बैठका, दिवसाआड. दुसऱ्या सकाळची टाच काय म्हणते ते बघून वाढवीन. वस्तादांना अजून सांगितलेलं नाही, पुन्हा हसतील.

४ मिमीवाले बूट विकायचेत. ९ नंबर, १४० किमी पळालेले, तळ शाबूत. पोटरी तयार असेल त्यानेच विचारावं.