नारळीभाताचा डबा

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात आमचा अशील प्रतिवादी होता. गिरगावच्या चाळीतली त्याची खोली वापराविना पडून आहे, म्हणून घरमालकाने ताबा मागितला होता. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, कलम 16 मध्ये, हे कारण आहेच. पण त्यासाठी जागा सहा महिने वापराविना असावी लागते; ते महिने सलग हवेत, दाव्याच्या लगेच आधीचे हवेत आणि जागा न वापरण्याला वाजवी कारण नसावं.

शेजारच्या काकूंचं प्रतिज्ञापत्र अशिलाने टाइप करूनच आणलं: 'प्रतिवादी सदर जागेत अखंड वास्तव्य करीत आहेत.' दुसऱ्या शेजाऱ्याच्या कागदावरही हेच वाक्य, स्वल्पविरामासकट! 2002 पासून दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूसाठी दिलेली साक्ष, अशी कागदावर होते, उलटतपासणी मात्र तोंडी. वाक्य कोणीही लिहो, जाब पिंजऱ्यात काकूंनाच द्यायचा.

मी अशिलाला बाहेर चहाला पाठवलं.

"काकू, तुम्ही स्वतः काय पाहिलंत तेवढंच सांगा."

"शिमग्याला गेले ते गावी. वडील आजारी होते म्हणे."

"आजारी वडील तुम्ही पाहिलेत?"

"मी कशाला पाहू? त्याच्या बायकोने सांगितलं."

मग ते काकूंच्या कागदात नको. तो पुरावा अशिलाने द्यावा, दवाखान्याच्या कागदांसकट.

"परत कधी आले?"

"नारळी पौर्णिमेला. मीच नारळीभाताचा डबा दिला. तोवर कुलूप होतं. त्यानंतर मात्र रोज सकाळी नळावर भेटतात."

शिमगा ते नारळी पौर्णिमा म्हणजे पाच महिने. आणि दावा दाखल झाला दिवाळीनंतर! अशील जे लपवायला धडपडत होता, त्यातच त्याचा बचाव होता. परत आल्यावर तो "कुलूप काढा हो त्यातून" म्हणत राहिला. मी काढलं नाही. तारखेच्या क्रमाने, काकूंच्याच बोलीत, छोटे परिच्छेद लिहिले. काकूंनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, 'सायंकाळी' खोडून 'दुपारी' करायला लावलं, मगच सही केली.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी कुलपाचे फोटो दाखवले, एप्रिलमधले.

"दार बंद दिसतंय ना?"

"हो. पाचव्या परिच्छेदात तेच सांगितलंय."

फोटो बाजूला गेले. मग काकूंचा मोतीबिंदू निघाला, जिन्यातला अंधार निघाला, शेवटी डबा.

"कसला होता डबा?"

"स्टीलचा. अजून परत आलेला नाही."

न्यायाधीशांनी तेही नोंदवून घ्यायला सांगितलं.