तुम्ही विचारलंत म्हणून: मेक्सिकोचा समुद्र आणि पेन्सिलीच्या खुणा

“हातात फोन असताना एवढं जाडजूड गाइडबुक कशाला विकत घेता?” मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवाला, लेकीच्या शाळेबाहेर गाडी लावताना, कुठेही हा प्रश्न येतो. आम्ही ह्यूस्टनला राहतो. इथून मेक्सिको विमानानं दोन-अडीच तासांवर, त्यामुळे सुट्ट्या जवळ आल्या की कुणी ना कुणी तिथल्या समुद्रावर जायचं म्हणून आमच्याकडे चौकशी करतं, आणि टेबलावरचं पुस्तक बघून हे विचारतं. तेव्हा एकदा नीट सांगते.

२०२४ साली सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं ठरलं. पहिला बेत होता जुलैत कॅनकूनचा. फोनवर निळंशार पाणी, पांढरी वाळू, हॉटेलचा दरही बरा. पैसे भरायचे तेवढे राहिले होते. मी सवयीनं पुस्तकातलं हवामानाचं प्रकरण उघडलं. दीडच पान होतं, पण त्या दीड पानानं सगळा बेत बदलला.

तिथे सरगॅसमबद्दल लिहिलं होतं. हे समुद्रावर तरंगणारं तपकिरी शेवाळ. २०११ पासून अटलांटिकमध्ये ते प्रचंड वाढलंय आणि साधारण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्याला लागतं. कॅनकून, प्लाया देल कार्मेन, तुलुम या सगळ्यांचं तोंड पूर्वेला, आणि शेवाळ येतं तेही पूर्वेकडूनच. वाळूवर ढीग साचून कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. त्याच भागातल्या इस्ला मुहेरेसचा उत्तरेकडचा किनारा आणि कोसुमेल बेटाची पश्चिमेकडची बाजू मात्र बरीचशी वाचते. नकाशा समोर धरला की कारण लगेच लक्षात येतं. शिवाय जून ते नोव्हेंबर हा अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम.

हे सगळं फोनवर नाही का? आहे. पण ‘जुलैत शेवाळ असतं का’ असं शोधायला आधी शेवाळ नावाची भानगड आहे हे ठाऊक पाहिजे ना! मला ठाऊक नव्हतं. तुम्ही जे विचाराल त्याचं उत्तर फोन देतो. जे विचारायचं आपल्याला सुचलंच नसतं, ते पुस्तकात समोर येतं.

मग जुलै सोडला आणि डिसेंबर धरला. आता समुद्र कोणता, यावर खल सुरू झाला. रोज रात्री जेवणं झाली की मी एकेक प्रकरण मराठीत सांगत वाचायची. कॅनकून हे शहरच १९७० च्या दशकात सरकारनं आखून वसवलं, हे ऐकून सासूबाईंचा त्यातला रस संपला. मग पॅसिफिकच्या बाजूचं वाहाका राज्य आलं. तिथल्या मासुन्ते गावाबद्दल एक चौकट होती. हे गाव पूर्वी समुद्री कासवांच्या कत्तलीवर जगायचं. १९९० मध्ये मेक्सिकोनं कासव मारण्यावर पूर्ण बंदी घातली, तेव्हा गावाचा रोजगारच गेला. आता तिथे कासवांचं संशोधन केंद्र आहे, आणि बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून निघालेली साबण-तेलांची सहकारी संस्थाही. जवळच्या एस्कोबिया किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले माद्या एकाच वेळी हजारोंनी अंडी घालायला येतात. त्याला स्पॅनिशमध्ये ‘अरिबादा’, म्हणजे आगमन, म्हणतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर हेच घडतं तेव्हा आपले शास्त्रज्ञही हाच शब्द वापरतात.

सासूबाईंचं माहेर बाणकोटचं. शेजारी वेळास. “ऑलिव्ह रिडले म्हणजे आपल्या वेळासची कासवं!” म्हणत त्या उठून बसल्या. त्यांच्या लहानपणी लोक वाळू उकरून अंडी न्यायचे. पुढे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला मुंबई-पुण्याहून माणसं येतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला अगदी अशीच गोष्ट घडलेली! त्या रात्रीच वाहाका ठरलं.

पुस्तक चुकतं का? चुकतं, आणि ते मोकळेपणानं सांगायला हवं. आमची आवृत्ती २०२२ ची. तिच्यात लिहिलं होतं की वाहाका शहराहून समुद्रकाठच्या पुएर्तो एस्कोंदिदोला डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यानं सहा-सात तास लागतात, उलटीची गोळी जवळ ठेवा. आम्ही सासूबाईंच्या पिशवीत अ‍ॅव्होमिन भरून ठेवली, वाटेत मुक्कामही शोधून ठेवला. मग तिथल्या घरमालकिणीला सहज मेसेज केला, तेव्हा कळलं की फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा महामार्ग सुरू झालाय. आम्ही तीन तासांत पोचलो. अकापुल्कोचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओतिस चक्रीवादळानं त्या शहराची जी दशा केली, ती त्याआधीच्या पुस्तकात कशी असेल?

म्हणून पुस्तक वाचताना माझ्या हातात पेन्सिल असते. किनाऱ्याचं तोंड कुठे, लाटा कशा, पाऊस कधी, लोक काय खातात, गावाचा इतिहास काय, हे मी पुस्तकातून डोळे मिटून घेते. दर, वेळा, रस्ते, बसगाड्या यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढते आणि निघायच्या आठवड्यात फोनवर किंवा माणसाला विचारून ताडून बघते. व्हिसाचं तर पुस्तकात बघूच नका. सासूबाईंच्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा होता, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा लागला नाही. पण हे आम्ही मेक्सिकोच्या वकिलातीच्या पानावर वाचून खात्री करून घेतलं. तुम्हीही तेच करा.

आता लाटांबद्दल, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. फोटोत सगळे किनारे सारखेच सुंदर दिसतात. पुएर्तो एस्कोंदिदोचा सिकातेला किनारा जगभरच्या सर्फिंगवाल्यांचा, पोहायला अजिबात नाही. त्याच राज्यातल्या सिपोलिते किनाऱ्याला पाणी आत खेचणारे प्रवाह आहेत. पुस्तकानं हे किनाऱ्यागणिक सांगितलं होतं, तरी सिकातेलाच्या ओल्या वाळूवर उभी राहिले तेव्हाच मला ते खरं उमगलं. लाट परतताना पायाखालची वाळू टाचांपासून इतक्या जोरात ओढली गेली की मी लेकीचा दंड घट्ट धरला. किनाऱ्यावर लाल झेंडा होता. लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही, मग पाणी कितीही शांत दिसो.

पोहायला कारिसालियो ही लहानशी, आडोशाची खाडी. पण तिथे उतरायला दीडशेच्या वर पायऱ्या, आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे. पायऱ्यांचंही पुस्तकात होतं आणि खाली एका ओळीत उपायही होता: गावातल्या मुख्य किनाऱ्यावरून होडी जाते. होडीवाल्यानं हात पुढे केला, पण सासूबाईंनी साडी खोचली, लाट ओसरायची वाट पाहिली आणि हात न धरता आत पाय टाकला. बाणकोटच्या खाडीत तरीनं ये-जा करण्यात बालपण गेलेलं! होडीवाला माझ्याकडे बघून हसला आणि काहीतरी कौतुकाचं बोलला. त्याचे सगळे शब्द मला कळले नाहीत, सासूबाईंना भाव मात्र बरोबर कळला.

शाकाहारी असाल तर मागची शब्दांची पानं सोडू नका. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं पुरत नाही, कारण पुष्कळांच्या लेखी कोंबडी कार्नेत मोडतच नाही. बीन्समध्ये डुकराची चरबी असते, म्हणून ‘सिन मांतेका’ म्हणायचं. वाहाकाची त्लायुदा, म्हणजे मक्याची परातीएवढी खरपूस भाकरी, तिच्यावर आधी चरबीचाच हात फिरवतात, तेव्हा ‘सिन असिएन्तो’. हे तीन शब्द सासूबाईंनी कागदावर देवनागरीत लिहून पाठ केले. बाजारातल्या खानावळीत त्यांनी ते स्वतः म्हटले. बाईंनी मान डोलावून नवीन भाकरी तव्यावर टाकली, वर बीन्स आणि वाहाकाचं तारा सुटणारं चीज. बरोबर लालभडक थंड सरबत आलं, आग्वा दे हामाइका. एक घोट घेऊन सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही तर लाल अंबाडी!” आणि खरंच, ती अंबाडीचीच बोंडं.

शेवटच्या संध्याकाळी बाकोचो किनाऱ्यावर गेलो. तिथे कासवाची पिल्लं सोडतात. हात लागू नये म्हणून प्रत्येकाला नारळाच्या करवंटीत एकेक पिल्लू देतात. सासूबाईंनी करवंटी वाळूवर तिरकी केली. बोटाच्या दोन पेरांएवढा काळा जीव आधी हललाच नाही. मग एक वल्हं, मग दुसरं. पहिल्या लाटेनं त्याला परत त्यांच्या पावलांपाशी आणून टाकलं. त्या जागच्या हलल्या नाहीत, श्वास रोखून उभ्या. दुसऱ्या लाटेत ते गेलं.

पुस्तक हवं असेल तर माझी प्रत घेऊन जा. रस्त्याच्या पानावरचे सहा-सात तास मी खोडलेत, दरांची पानंही आता जुनी धरा, आणि तुमच्या खुणा पेन्सिलीनं खुशाल करा. फक्त मासुन्तेच्या चौकटीशेजारी सासूबाईंनी ‘आमच्या वेळासला पण’ असं लिहिलंय, तेवढं पुसू नका.