क्लिअरन्स कुठपर्यंत आहे?

इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या परीक्षेत विमान हाताळण्यापेक्षा रेडिओवर बोलण्याचीच मला जास्त धास्ती होती. हे रेटिंग म्हणजे ढगांतून, धुक्यातून, बाहेरचं काही दिसत नसताना केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याची परवानगी. परीक्षेत बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर हूड चढवतात, समोरचं पॅनल तेवढं दिसत राहतं. मग आपल्या पुढेमागे, वरखाली कोण आहे हे कळायला कानात येणारे आवाज सोडले तर काहीच उरत नाही. ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आणि विमानात बसल्यावर ‘आता मध्येच का थांबलो’, ‘उतरता उतरता पुन्हा वर का गेलो’ असे प्रश्न ज्यांना पडतात, त्यांच्यासाठीही.

काम विमानात बसायच्या आधीच सुरू होतं. फ्लाइट प्लॅनमध्ये विमानाचा प्रकार, वेग, मार्ग, हवी असलेली उंची, इंधन किती वेळ पुरेल, आत माणसं किती आणि ठरल्या जागी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ कोणता, हे सगळं भरायचं असतं. उंचीसुद्धा मनाला येईल ती मागता येत नाही. सर्वसाधारण नियम असा की चुंबकीय दिशा ० ते १७९ अंशांत असेल तर विषम हजार फूट, १८० ते ३५९ असेल तर सम. समोरासमोर येणारी विमानं त्यामुळे मुळातच वेगवेगळ्या उंचीवर असतात. पण प्लॅन भरणं म्हणजे नुसती मागणी नोंदवणं. मागितलेलं मिळेलच असं नाही, आणि काय मिळालं ते कळतं क्लिअरन्समधून, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने (कंट्रोलरने) दिलेल्या परवानगीतून.

माझ्या प्रशिक्षकांना, म्हणजे सरांना, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची सवय होती: ‘आत्ता तुझं क्लिअरन्स कुठपर्यंत आहे?’ टॅक्सी करताना (म्हणजे विमान जमिनीवर चाकांवर चालवताना), चढताना, वळताना, कधीही. सुरुवातीला मला वाटायचं, ते माझं लक्ष तपासतात. हळूहळू कळलं की हवाई वाहतूक नियंत्रणाचं अख्खं शास्त्र या प्रश्नात आहे. परवानगी कधीच मोघम नसते. कोणत्या जागेपर्यंत, कोणत्या उंचीपर्यंत, कोणत्या मार्गाने, हे ठरलेलं असतं. हद्द आली की पुढची परवानगी लागते, आणि ती मिळाली नाही तर काय करायचं हेही आधीच ठरलेलं असतं.

परीक्षेच्या दिवशी इंजिन सुरू करण्यापूर्वी एटिसची, म्हणजे विमानतळाची ताजी माहिती सांगणारी, ध्वनिफीत ऐकली: वारा, दृश्यमानता, ढग, वापरात असलेली धावपट्टी, हवेचा दाब. मग क्लिअरन्स मागितलं. हा मजकूर कंट्रोलर एका दमात सांगतो, त्यामुळे तो लिहून घ्यायची तयारी आधीच हवी. मी कागदावर पाच ओळी मोकळ्या सोडून ठेवते: कुठवर, मार्ग, सुरुवातीची उंची, पुढची फ्रिक्वेन्सी, स्क्वॉक. मजकूर साधारण याच क्रमाने येतो. स्क्वॉक म्हणजे ट्रान्सपॉन्डरवर, रडारला उत्तर देणाऱ्या विमानातल्या यंत्रावर, लावायचा चार आकडी कोड. रडारच्या पडद्यावर आपला ठिपका त्यावरून ओळखला जातो. त्यात ० ते ७ एवढेच आकडे येतात, म्हणून एकूण कोड ४०९६. नवशिक्यांना एक सांगते: स्क्वॉकच्या ओळीत ८ किंवा ९ लिहिला गेला, तर ऐकण्यात चूक झाली आहे. लगेच पुन्हा विचारा.

लिहून झालं की सगळं परत वाचून दाखवायचं. याला रीडबॅक म्हणतात, आणि धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्यापाशी थांबणं, उड्डाण, लँडिंग, उंची, दिशा, वेग, दाब, स्क्वॉक यांबाबत तो सक्तीचा आहे. पण पायलटने वाचून दाखवलं एवढ्याने काम संपत नाही. कंट्रोलरने ते कान देऊन ऐकायचं आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगर कंपनीचं बोइंग ७४७ मालवाहू विमान धावपट्टीकडे येत होतं. कंट्रोलरच्या मनात उंची होती २४०० फूट. आकडा ज्या शब्दांत सांगितला गेला, त्यांतला ‘टू’ वैमानिकांना संख्येचा भाग वाटलाच नाही. त्यांनी ऐकलं ४०० फूट, आणि परतही तेच सांगितलं. ते कुणी खोडून काढलं नाही. विमान डोंगरावर आदळलं, आतले चौघेही गेले. हे वाचल्यापासून रीडबॅक करताना मी घाई करत नाही. फ्रिक्वेन्सीवर कितीही गर्दी असो.

क्लिअरन्स मिळालं, थेट मुक्कामापर्यंतचं. सरांचा प्रश्न डोक्यात होताच. कागदावर मुक्कामापर्यंतची परवानगी असली तरी त्या क्षणी मला जागेवरून चाक हलवायचीही परवानगी नव्हती. मार्गाचं क्लिअरन्स वेगळं, टॅक्सीचं वेगळं, उड्डाणाचं वेगळं. हे वेगळेपण किती जिवावरचं आहे ते २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या विमानतळावर दिसलं. दाट धुकं होतं. केएलएमचं ७४७ धावपट्टीच्या टोकाला उभं होतं आणि पॅन अ‍ॅमचं ७४७ त्याच धावपट्टीवरून टॅक्सी करत येत होतं. केएलएमला मार्गाचं क्लिअरन्स दिलं गेलं, उड्डाणाचं नाही. विमान धावू लागलं. ‘थांबा, मी सांगतो’ हे कंट्रोलरचं बोलणं आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ हे पॅन अ‍ॅमचं बोलणं एकाच वेळी झालं, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्याची नुसती शिट्टी ऐकू आली. ५८३ माणसं गेली. ‘टेकऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. परीक्षकांनी मला हे विचारलं नव्हतं, पण होल्डिंग पॉइंटकडे जाताना ते माझ्या मनात होतं.

होल्डिंग पॉइंट ही धावपट्टीच्या अलीकडची सीमा. लाल पाटीवर पांढरी अक्षरं आणि जमिनीवर पिवळ्या रेघा. काही ठिकाणी जमिनीत लाल दिव्यांची रांगही असते. हे स्टॉप बार पेटलेले असताना ओलांडायचे नसतात. आमच्या पुढे एक जेट उडालं आणि आम्हाला थांबवलं गेलं. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात, ते खाली उतरत जातात आणि आमच्यासारख्या हलक्या विमानाला उलथवू शकतात. मध्यम वजनाच्या विमानामागून हलकं विमान उडायचं तर दोन मिनिटं, आणि हलकं विमान धावपट्टीच्या मधूनच उड्डाण सुरू करणार असेल तर तीन. प्रवाशांना रिकामी वाटणारी ती दोन मिनिटं खरं तर अशी भरलेली असतात. मग ‘लाइन अप अँड वेट’ आलं, म्हणजे धावपट्टीवर जाऊन थांबा. आणि शेवटी वाऱ्याच्या आकड्यांसह उड्डाणाची परवानगी.

जमीन सुटल्यावर थोड्या उंचीवर हूड खाली ओढला. रडारने ओळख पटवली. ठरावीक उंचीनंतर आल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं उपकरण, १०१३ हेक्टोपास्कलवर लावला. वर गेल्यावर सगळेच हा एक आकडा लावतात, म्हणजे प्रत्येकाची उंची एकाच मापाने मोजली जाते. दोन विमानांत उभं अंतर सहसा १००० फूट, नाहीतर आडवं अंतर रडारखाली साधारण ५ सागरी मैल, विमानतळाजवळ बरेचदा ३. यांतलं एक तरी कायम असायला हवं. १००० फूट ऐकायला भरपूर वाटतात. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं ७४७ चढताना १४,००० फुटांवर होतं, आणि समोरून उतरणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिनला १५,००० फुटांपर्यंतच परवानगी होती. ते विमान परवानगीच्या खाली उतरलं. ३४९ जण गेले. परवानगीची उंची ही मला जमिनीइतकीच ठाम हद्द वाटते. ठरलेल्या उंचीच्या १००० फूट आधी मी ती मोठ्याने म्हणते, शेजारी कुणी असो वा नसो.

मधला प्रवास सरळ होता. एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे सोपवलं जाताना पुढच्याला आपली माहिती आधीच पोचलेली असते, आपण फक्त नाव आणि उंची सांगायची. या टप्प्यात मला सगळ्यात आवडतं ते इतरांचं बोलणं ऐकणं. कोण कुठे चढतंय, कोणाला वळवलंय, कोणाला वेग कमी करायला सांगितलाय, यातून हूडखालीसुद्धा आजूबाजूचं आकाश मनात तयार होतं. आपला नंबर साधारण कधी लागेल याचा अंदाजही येतो.

माझा अंदाज होल्डचा, म्हणजे हवेतच फेऱ्या मारत वाट पाहण्याचा होता आणि तसंच झालं. पुढे विमानांची रांग होती. ‘व्हीओआरवर होल्ड करा, ६००० फूट, एक्सपेक्टेड अ‍ॅप्रोच टाइम ४२.’ व्हीओआर म्हणजे विमानाला दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र, आणि ४२ म्हणजे चालू तासाच्या ४२ व्या मिनिटाला पुढे निघायचा अंदाज. मी परत वाचून दाखवलं आणि ४२ कागदावर वरच लिहिलं. होल्ड हे परीक्षेतलं सगळ्यात मागणी करणारं काम. प्रमाण होल्डमध्ये वळणं उजवीकडे असतात, सेकंदाला ३ अंशांनी, म्हणजे अर्धं वळण एका मिनिटात. सरळ बाजू १४,००० फुटांपर्यंत एका मिनिटाची. वारा नसेल तर एक फेरी चार मिनिटांची. पण वारा असतोच. तो बाहेर ढकलतोय की आत, ते पहिल्या फेरीत ओळखायचं आणि पुढच्या फेरीत तेवढी दिशा आणि वेळ बदलायची. शिवाय कोणत्या दिशेने येतोय त्यावर होल्डमध्ये शिरायची पद्धत ठरते: थेट, समांतर किंवा तिरकी. हे पोचल्यावर ठरवायला गेलं तर उशीर होतो. मी ते आधीच कंपासवर बोट ठेवून ठरवलं होतं.

वेळेच्या सुमारास आम्हाला बाहेर काढलं आणि दिशा मिळू लागल्या. या दिशांमागे हिशोब असतो: आयएलएसच्या, म्हणजे धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या रेडिओ यंत्रणेच्या, रेषेला साधारण ३० अंशांच्या कोनात भेटायचं आणि उतरणीच्या किरणाला खालून पकडायचं. बरेचदा ही उतरण ३ अंशांची, म्हणजे सागरी मैलामागे सुमारे ३०० फूट. मागून जेट येत असल्यामुळे कंट्रोलरने १५० नॉट ठेवायला सांगितलं. आमच्या विमानाला तो वेग धरून नंतर स्थिर होणं जमणारं नव्हतं. ‘अनेबल, मॅक्सिमम १३०,’ म्हणजे जमणार नाही, जास्तीत जास्त १३०, असं मी सांगितलं. त्याने लगेच मागच्याला हळू केलं. नव्या लोकांना हा शब्द उच्चारायला संकोच वाटतो. वाटू नये. विमानाची अंतिम जबाबदारी पायलटची आहे, आणि जमणार नाही हे वेळेत कळलं तर कंट्रोलरला दुसरी व्यवस्था करता येते.

‘क्लिअर्ड आयएलएस अ‍ॅप्रोच.’ पुन्हा तोच प्रश्न: कुठपर्यंत? ही परवानगी अ‍ॅप्रोचची, म्हणजे धावपट्टीकडे खाली येण्याची आहे, धावपट्टीवर उतरण्याची नाही. टॉवरने सांगितलं, ‘कंटिन्यू अ‍ॅप्रोच, पुढचं विमान अजून धावपट्टीवर आहे.’ १००० फूट, ५०० फूट. लँडिंगची परवानगी आली नव्हती. माझी निर्णयाची उंची जमिनीपासून २०० फुटांवर होती. तिथवर परवानगी आली नसती तर मी वर जाणारच होते. त्याच्या थोडं आधी टॉवर म्हणाला, ‘गो अराउंड,’ म्हणजे न उतरता पुन्हा वर जा. पॉवर पूर्ण, नाक वर, फ्लॅप एक टप्पा आत, चढण दिसली की चाकं आत. हे झाल्यावरच रेडिओवर उत्तर. मिस्ड अ‍ॅप्रोचचा, म्हणजे असं वर जाण्याचा, मार्ग नकाशावर छापलेला असतो, कंट्रोलरनेही तोच आमच्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. म्हणून त्या क्षणी कुणाला काही शोधावं लागत नाही. दुसऱ्या खेपेला परवानगी चार मैलांवरच मिळाली आणि आम्ही उतरलो.

रेटिंग मिळालं. त्याआधी इंजिन बंद झाल्यावर परीक्षकांनी शेवटचा प्रश्न विचारला. ‘होल्डमध्ये असताना रेडिओ मेला असता तर?’

मी सांगितलं: ट्रान्सपॉन्डरवर ७६००, रेडिओ बंद पडल्याचा कोड. ६००० फुटांवर होल्ड चालू. ४२ ला, जमेल तितक्या नेमक्या वेळी, व्हीओआरवरून उतरायला सुरुवात. छापलेला अ‍ॅप्रोच. प्लॅनप्रमाणे पोचायची वेळ आणि ४२ यांतलं जे उशिराचं असेल, त्यानंतर शक्यतो ३० मिनिटांच्या आत लँडिंग. टॉवरकडे पाहायचं, स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरायची परवानगी.

‘पण ३८ लाच रांग संपली आणि जागा मोकळी झाली असं तुम्हाला वाटलं तर?’

‘तरी ४२, सर. तो मी परत वाचून दाखवलाय. माझा आवाज बंद झाला तरी मी ४२ ला निघणार हे कंट्रोलरला माहीत आहे, आणि बाकीची विमानं तो त्या वेळेच्या हिशोबाने बाजूला काढत असणार.’